उष्टं वारं

बोडके काकांनी ओझरला एकतीस वर्षं पाती घासली.
आता अंबडला आमच्या शेडमध्ये येऊन बसतात,
पगार नाही, चहा आणि पंख्याखालची खुर्ची.
चिरलेलं पातं आलं तेव्हा त्यांनी ते उन्हाकडे धरलं,
कडेवरून नख फिरवलं, म्हणाले,
"ताई, ही रांग पुढच्या रांगेचं उष्टं वारं खाते.
उष्ट्यात काय काय असतं ते बघा."

बघितलं होतं की मी.
पुढे सत्तेचाळीस पाती, स्थिर. मागे छत्तीस, फिरती.
मधे बोटभर फट.
त्या फटीत मी एक पडदा टांगला होता, नुसत्या हिशोबाचा:
अलीकडे जे येईल त्याची सरासरी काढायची
आणि पलीकडे सगळ्यांना तीच वाढायची.
प्रत्येक पात्यामागे हवेची एक दमलेली पट्टी असते,
ती पडद्यापाशी पुसली जायची.
आलेख सपाट. साहेब खूश.
पातं चिरलंच.

मग पडदा काढला.
जाळीच्या दोन कडा एकमेकींवरून सरकू दिल्या, क्षणाक्षणाने.
अख्खं चक्र आमच्या मशीनला पेलेना,
तेव्हा जी लबाडी सगळेच करतात ती केली.
सत्तेचाळीसची अठ्ठेचाळीस केली.
पाती जराशी बारीक, एक जास्तीचं दाटीवाटीत.
आता चार पुढे, तीन मागे,
पेरूच्या फोडीसारखा बारावा हिस्सा,
उरलेलं वर्तुळ आपोआप.

सेकंदाला दोनशे फेऱ्या.
खरं पातं सेकंदाला नऊ हजार चारशे चापट्या खातं,
माझं खात होतं नऊ हजार सहाशे.
आणि ज्या सुरावर ते थरथरतं
तो नेमका चारशेच्या आसपासचा.
एका खोट्या पात्याआड
चीर नीट लपून बसली होती.

ऑगस्टात गंगापूरचं पाणी सोडलं.
पंचवटीत घरी जायचा खालचा रस्ता बंद,
म्हणून गर्दीत उभी राहिले.
दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी.
"छातीला लागलं की सराफ बाजार," शेजारची बाई म्हणाली,
तिचं तिथे दुकान असावं.
मी त्याच्या मागचं पाणी बघत होते:
भोवरा डावा, उजवा, डावा,
आणि पुढे वाहत जाऊन
एका अर्ध्या बुडलेल्या टपरीच्या पत्र्यावर ठोके.
हे माझ्या ओळखीचं होतं.
मग अलीकडे पाहिलं.
मारुतीला भिडायच्या वीतभर आधीच
पाणी फुगत होतं.
पुढे कोण उभं आहे हे त्याला
पोचण्याआधी कळलं होतं.

मागच्या रांगेचंही पुढच्या रांगेला असंच कळत असणार.
फट जितकी कमी तितकं जास्त.
माझ्या पडद्याने हेही पुसलं होतं, दोन्हीकडून.

अख्खं चक्र लावलं. सत्तेचाळीस, छत्तीस,
एकही न वाढवता.
दुसऱ्या कंपनीचं मशीन रात्रीपुरतं उसनं.
नवव्या रात्री अंबडची लाइट गेली.
बॅटरी बारा मिनिटं टिकली,
शेवटची साठवलेली फाइल शनिवारची.
मी काही बोलले नाही, खाली जाऊन वॉचमनच्या स्टुलावर बसले.
त्याने न विचारता अर्धा बिस्किटपुडा पुढे केला.

एकोणिसाव्या दिवशी चित्र हललं.
निळ्या पट्ट्या सुटत होत्या, फिरत्या पात्यांवर आदळून
तुटत होत्या, तुकडे तिसऱ्या रांगेकडे निघाले होते.
आलेखात एक सुळका. नऊ हजार चारशे.

काकांना बोलावलं. चष्मा पुसून झाला.
"हळू करता येतं का?"
हळू केलं.
"अजून."
इतकं हळू केलं की एक फेरी चहा संपेपर्यंत पुरावी.
पडद्यावर बोट टेकवून ते पुढची पाती मोजायला लागले,
ओठ हलत होते,
तिसावर कुणीतरी दार वाजवलं आणि चुकले.

बोट उचललं, पहिल्या पात्यावर ठेवलं.
"थांबवू नका," म्हणाले. "चालू द्या."
एक.
दोन.